खाली पडलेले मणी

डिसेंबरचा पहिला शुक्रवार उजाडला तोच आभाळ घेऊन. पाऊस नाही, वारा नाही, थंडी कुठं पळाली तिचाही पत्ता नाही. नुसतं धुण्याच्या पाण्यासारखं मळकट आभाळ द्राक्षांच्या मांडवावर टेकलेलं. उसाला असल्या हवेचं सोयरसुतक नसतं. द्राक्षवाल्याच्या पोटात मात्र गोळा येतो. इंदापूर तालुक्यातल्या बोरीच्या शिवारात त्या सकाळी चहा प्यायच्या आधी जो तो आपापल्या बागेत वाकून पानं उलटी करत होता. पानाच्या वरच्या अंगाला तेलाचा थेंब सांडल्यागत पिवळा डाग आणि त्याच्याच खाली पांढरी लव दिसली, की समजायचं डावणी आली. ती एकदा घडावर चढली की माणसानं बागेकडं बघू नये, पुढच्या सालाची वाट धरावी.

अप्पाही ओळीनं पानं उलटत चालले होते. त्यांच्यामागं त्यांची लेक संजीवनी, हातात विरळणीची कात्री, डोक्याला आईचा जुना स्कार्फ गुंडाळलेला.

"हाय का काय?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाय. आन् तू सारखं इच्यारू नगंस. तुझ्या इच्यारण्यानंच यायची."

संजीवनी तशी चौतीस वर्षांची बाई, पुण्यात एका संस्थेत संशोधक, पण बापाच्या मागं बागेत चालताना तिचा जीव अजून अकरा वर्षांच्या पोरीएवढाच व्हायचा.

ती जन्माची भित्री. विहिरीच्या कडेला उभी राहायची नाही. पंप सुरू झाला की कानात बोटं. पण ह्या सगळ्यांपेक्षा मोठी भीती होती ती हवेची, आणि ती तिच्या एकटीची नव्हती, घरातल्या सगळ्यांची होती. संध्याकाळी हवामानाची बातमी लागली की आई हातातलं भांडं हातात धरून थांबायची. आभाळात डोक्याएवढा ढग आला तरी जेवताना कुणी बोलायचं नाही. दुसऱ्यांच्या घरात पोरं भुताला भितात, अप्पांच्या घरात ती दमट वाऱ्याला भ्यायची. ज्या घरात हवेचा एवढा धाक, त्या घरातली पोर मोठी होऊन हवेचाच अभ्यास करायला गेली, यात नवल काही नाही. फक्त ती जरा लांबच्या हवेकडं गेली. आपल्या सूर्याला जसे ग्रह तसे दुसऱ्या ताऱ्यांनाही असतात. त्या ग्रहांभोवती जी हवा असते तिच्यात काय काय आहे, हे ओळखायचं तिचं काम. शाळा बोरीत, कॉलेज बारामतीत, पुढचं सगळं पुण्यात. "हितल्या हवंचं भ्या वाटतं म्हणून पोरगी पार दुसऱ्या सूर्याकडं पळाली," असं अप्पा पाहुण्यांना सांगायचे आणि आपणच हसायचे.

पण विरळणी आली की ती दहा दिवस रजा टाकून बोरीला यायचीच. एका घडाला दीडदोनशे मणी धरतात. सगळे ठेवले तर सगळेच बारीक राहतात. म्हणून मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे झाले, की कात्रीनं निम्म्याहून जास्त काढून टाकायचे. बारीक, आतले, एकमेकांना दाबणारे. राहिले ते फुगतात, टपोरे होतात. हे काम डोळ्याचं आणि बोटांचं. संजीवनीला ते आठव्या वर्षापासून येत होतं आणि झोपेतही तिची बोटं कात्रीसारखी हलायची, असं आई म्हणायची. आई ह्या आठवड्यात लोणी भापकरला मावशीकडं गेली होती, त्यामुळं घरात चूल संजीवनीकडं, बाग अप्पांकडं आणि बाकीची सगळी मिजास धाकट्या भावाकडं, दिग्विजयकडं.

दिग्विजयनं त्या आठवड्यात एक उद्योग करून ठेवला होता. बहिणीनं घरात विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. तिच्या ग्रहाच्या हवेत एक वायू सापडलाय, सल्फर डायऑक्साइड. पेटीत द्राक्षं टिकावीत म्हणून जो पांढरा कागद घालतात, त्यातनं सुटतो तोच हा वायू. अप्पांनी लगेच विचारलं होतं, "म्हंजी तितं बी पेट्या भरत्यात व्हय?" त्या हसण्यात दिग्विजयनं काय ते कानात साठवलं आणि तिसऱ्या दिवशी गावच्या चौकात बोर्ड लागला. 'बोरीच्या कन्येनं शोधली परग्रहाची हवा.' खाली संजीवनीचा लग्नाच्या पाहणीसाठी काढलेला फोटो, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा दिग्विजयचा स्वतःचा. वर आज दुपारी चार वाजता बारामतीला तिच्या जुन्या कॉलेजात सत्कार ठरला होता. तिला फिजिक्स शिकवणारे चिंतामण सर शाल घेऊन बसले होते.

"दिग्या, अजून बाहेर सांगायचं न्हवतं रं ते," ती म्हणाली होती.

"ताई, सोमवारी समद्या जगाला कळणारच हाय. बोरीला चार दिस आदी कळलं तर काय बिघडलं?"

सोमवारी कळणार, हे खरं होतं. तिच्या वरिष्ठ पद्मा मॅडम, त्यांच्यासोबत तीन देशांतली सात माणसं, आणि सगळ्यात पहिलं नाव संजीवनीचं. लेख छापायला तयार होता. पद्मा मॅडमचा निरोप काल आला होता: शेवटचा मजकूर वाच आणि उद्या दुपारी बारापर्यंत तुझं 'हो' कळव, मग मी पुढं पाठवते. तिची संस्थेतली नेमणूक मार्चला संपत होती. हा लेख आला की ती पुढं चालू राहणार, हेही सगळे धरून चालले होते.

'हो' लिहायला कितीसा वेळ लागतो? पण कालपासून तिच्या बोटांना ते होईना. छातीत एक बारीक कुरतड लागली होती. कशाची, ते कळत नव्हतं. आभाळाची असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कात्री घेऊन ओळीला लागली.

आठ वाजता प्रयागबाईची टोळी आली. अकरा बायका, आणि त्यांच्यावर प्रयागबाई. वय साठीच्या पुढं, अंगानं काटकी, आवाज ट्रॅक्टरच्या वरचा. तीस वर्षं तिनं बोरीतल्या बागा विरळल्या होत्या.

"संजे, तुज्या त्या ग्रहावर डावणी येती का गं?"

"तितं पानंच न्हाईत मावशी. भट्टीसारखी गरम हवा हाय."

"मंग ब्येस. अप्पास्नी म्हणावं पुढली बाग तितंच लावा. फवारा तरी वाचंल."

बायका हसल्या. अप्पाही आभाळाकडं बघत बघत हसले.

प्रयागबाईची एक रीत होती. टोळी ओळीनं पुढं जायची आणि ती मागनं यायची, पण घड बघायची नाही. प्रत्येक वेलाखाली उकिडवी बसायची आणि जमिनीवर पडलेले मणी बघायची. हातानं जरा पसरून, डोळे बारीक करून. त्यावरनं कुणाच्या हातानं काय केलंय ते तिला कळायचं. दुसऱ्या टोळ्यांचे मुकादम वर बघत जायचे, ही खाली बघत जायची.

नऊच्या सुमाराला ती मधल्या ओळीत थांबली.

"कुशे. हिकडं ये."

कुशाबाई ह्या टोळीत नवी. पणदऱ्याची, हयात उसात आणि गोठ्यात गेलेली. चाळीस-बेचाळीसची बाई, बैलाला वेसण घालील, पण द्राक्षाच्या घडाला हात लावायची भीती वाटायची तिला. ती कात्री पदरात धरून आली.

"हे बग काय पाडलंस."

"बारीक बारीकच पाडलंय की मावशी. तुमीच म्हणालता."

"बारीकच हायत. पर समदे ह्या एकाच अंगाला पडल्यात. त्या अंगाला जमीन बग, कोरी हाय. तू घडाच्या मागं हात घातलाच न्हाईस."

"म्होरनं दिसलं तेवढं कापलं."

"मागलं बारीक तुला दिसलं न्हाय, म्हणून ते मोटं झालं का?" प्रयागबाईनं घड हातानं फिरवून दाखवला. पुढनं देखणा, मागनं गच्च. "वरचा घड लबाड आसतुया बाय. ऱ्हायलेलं समदं चांगलंच दिसतं. काय पाडलं ते बगावं. मंग कळतं, कात्री इमानात चालली का हौसंत."

कुशाबाईनं मान खाली घातली. शेजारच्या ओळीत संजीवनीची कात्री उघडी राहिली. कालपासूनच्या कुरतडीला तोंड फुटलं होतं.

तिनं काय पाडलं होतं, ते तिनं कधी बघितलंच नव्हतं.

ती शेडकडं निघाली. पळाली नाही, पण पायात चप्पल राहिली नाही. मागनं अप्पा म्हणाले, "काय गं, दिसला का डाग?" तिनं नुसती मान हलवली. नाही म्हणायची ती मान होती, पण तिला स्वतःलाच पटली नाही.

पेट्या भरायच्या शेडमध्ये लांबलचक टेबल होतं. त्यावर तिनं लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला.

काम असं होतं. ग्रह आपल्या ताऱ्याच्या पुढनं जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, दिव्यापुढनं माशी गेल्यागत. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीनं तो उजेड सात-आठ तास एकसारखा मोजलेला असतो. ग्रह पुढं यायच्या आधीचा, पुढं असतानाचा आणि निघून गेल्यानंतरचा. ग्रहाच्या कडेनं हवेचा पातळ थर असतो, आणि ताऱ्याचा थोडा उजेड त्या थरातनं गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू आपापल्या रंगाचा उजेड खातो. त्यामुळं त्या एका रंगात उजेडाचा खड्डा बाकीच्या रंगांपेक्षा केसभर खोल पडतो. तेवढ्या केसभर खोलीवरनं ओळखायचं, तिथं कुठला वायू आहे. आलेखावर त्या रंगाशी तेवढाच एक उंचवटा उठतो.

मोजणीत खराब माप येतंच. यंत्रावर कुठनं तरी एखादा कण आदळतो, एखादं माप उगाच वर उडतं, एखादं खाली बसतं. अशी मापं आधी काढून टाकतात. बहुतेक काम संगणकच करतो, आणि तो दोन्ही अंगाचं सारखं काढतो, त्याला वरच्याची माया नाही आणि खालच्याचा राग नाही. पण गेल्या मे महिन्यात एका रंगाची मापं तिला फार ओबडधोबड वाटली होती. नेमका त्या वायूचा रंग. तिनं तिथं हातानं साफसफाई केली होती. स्क्रीनवर एकेक ठिपका बघून, बारीक बारीक वेचून. काढलेल्या ठिपक्यांची यादी एका वेगळ्या फायलीत ठेवली होती आणि हसत हसत फायलीला नाव दिलं होतं, 'विरळणी'. त्यानंतर ती फाईल सात महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. राहिलेला घड इतका देखणा होता, की पडलेल्याकडं कोण बघणार?

आता तिनं ती उघडली.

त्रेचाळीस मापं. तिनं ती वेळेप्रमाणं मांडली. त्रेचाळीसपैकी छत्तीस मापं ग्रह पुढं यायच्या आधीची होती. आणि छत्तीसच्या छत्तीस खालच्या बाजूची. बारीक मणी. सगळे एकाच अंगाला.

त्याचा अर्थ समजायला तिला कागदही लागला नाही. आधीची कमी मापं काढून टाकली की आधीचा उजेड होता त्यापेक्षा जास्त दिसतो. आधीचा उजेड जास्त दिसला की खड्डा आपोआप खोल दिसतो. खड्डा खोल दिसला की वायू सापडतो.

तिनं ती मापं परत आत घातली आणि गणित पुन्हा चालवलं. संगणकाला सात-आठ मिनिटं लागणार होती. तेवढ्या वेळात तिनं टेबलावरची धूळ पुसली, मग परत पुसली. बाहेर प्रयागबाई कुणाला तरी म्हणत होती, "आगं कात्री हाय का आडकित्ता?" बायका हसत होत्या. संजीवनीला त्या हसण्याचीही धास्ती वाटली. जणू आत काय चाललंय ते त्यांना दिसतंय.

उत्तर आलं. उंचवटा बसला होता. होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी राहिला होता, आणि जे राहिलं होतं ते मोजणीतल्या चुकीच्या अंदाजातच बुडत होतं. वायू असेलही. नसेलही. सांगता येत नव्हतं. एवढंच सांगता येत होतं, की सापडला नव्हता.

घड्याळात सव्वादहा झाले होते.

भीतीचेही प्रकार असतात. एक आभाळाची, तिच्यापुढं माणसाचा इलाज नसतो म्हणून ती स्वच्छ असते. दुसरी आपल्या हातानं झालेल्याची. ती घाणेरडी. ती डोळ्यापुढं माणसं उभी करते. पद्मा मॅडम, ज्यांनी सभेत सगळ्यांपुढं 'हे संजीवनीचं काम' म्हणून सांगितलं होतं. परदेशातली ती सात माणसं. शाल घेऊन बसलेले चिंतामण सर. चौकातला बोर्ड. मार्च महिना. आणि ह्या सगळ्यांच्या मागं अप्पा, हसताना.

मग दुसरा विचार आला. तो आला तेव्हा तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की त्याचीच जास्त भीती वाटली पाहिजे होती. 'विरळणी' ही फाईल तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. ती काढून टाकली तर? लेखात एक ओळ होती, 'खराब मापं नेहमीच्या पद्धतीनं वगळली.' ती तशीच राहील. पुढं दुसऱ्या कुणी मोजून पाहिलं आणि त्याला वायू सापडला नाही, तर म्हणता येईल, पद्धतीपद्धतीत फरक पडतो. अशी भांडणं होतच असतात. वर्षानुवर्षं चालतात. कोण खाली उकिडवं बसून बघणार आहे?

तिनं फाईल निवडली. काढून टाकायच्या बटणावर बोट नेलं. बोट तिथंच राहिलं.

तिला ती पानं दिसली. तीन होती.

ती अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. असाच डिसेंबर, असंच आभाळ. शाळेतनं आल्यावर कालव्याच्या चारीकडच्या दोन ओळी तपासायचं काम तिच्याकडं असायचं. लहान पोरांचे डोळे चांगले आणि उंचीही बरोबर पानाखाली येते, म्हणून अप्पांनी दिलेलं. त्या दिवशी सकाळीच अप्पा देवळापुढं चार माणसांत बोलले होते, "माज्या बागंत एक डाग दाखवा आन् म्हणाल ते न्या." आणि संध्याकाळी तिला सापडले. तीन पानांवर. वर तेलकट पिवळे, खाली पांढरी लव. तिनं चौथं पान बघितलंच नाही. तिला फक्त अप्पांचं तोंड दिसलं. तिनं ती तीन पानं खुडली, चारीच्या चिखलात टाकली आणि टाचेनं दाबली. घरी येऊन म्हणाली, "कायबी न्हाय अप्पा." दुसऱ्या रात्री पाऊस झाला. पाचव्या दिवशी घडावर पांढरी बुरशी होती आणि अप्पा मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. लोक म्हणाले, हवाच वाईट. अप्पाही म्हणाले, हवाच वाईट. ती काही म्हणाली नाही. तेवीस वर्षं म्हणाली नव्हती.

तिनं बोट बटणावरनं काढलं. काढलं म्हणजे, दुसऱ्या हातानं ओढून काढलं. आणि फोन उचलला, कारण आणखी पाच मिनिटं ती तिथं बसली असती तर तिचा तिच्यावर भरवसा नव्हता.

"बोल संजीवनी," पद्मा मॅडम म्हणाल्या. "वाचलंस सगळं? पाठवू ना?"

"नका पाठवू मॅडम." तिनं लॅपटॉप जवळ ओढला. "तो वायू नाहीये. म्हणजे सापडलेला नाहीये. त्या रंगातली मापं मी हातानं काढली होती. त्रेचाळीस. जवळजवळ सगळी आधीच्या बाजूची आणि ती सगळी खालची. परत घातली की उंचवटा बसतो."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हातानं," पद्मा मॅडम म्हणाल्या.

"हो."

"मला सांगितलं नव्हतंस."

"नाही."

"का?"

"लपवायचं म्हणून नाही. लहानपणापासून सवय आहे मला, बारीक दिसलं की काढायचं. आणि तिथं ते यावं असं वाटत होतं, म्हणून तिथंच जास्त बघत बसले. बाकीच्या रंगांत हात घातलाच नाही मी."

मग पद्मा मॅडमचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू, आणि त्यानं जास्त भीती वाटली. "सहा महिने आठ माणसं हा आकडा घेऊन फिरलीयेत, संजीवनी. मी दोन ठिकाणी बोललेय यावर. मला आता त्या सगळ्यांना एकेक करून सांगावं लागेल."

"मी सांगते मॅडम. माझंच..."

"तू आत्ता कुणाला काही सांगू नकोस. तुझा आवाज ऐकतेय मी. एक काम कर. ती यादी आहे ना? आहे तशी पाठव. काही नीट करत बसू नकोस, नाव बदलू नकोस, पुसू नकोस. अकरापर्यंत मला हवी." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "मार्चचं काय होईल ते मला आत्ता सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू."

"हो मॅडम."

तिनं यादी पाठवली. फायलीचं नाव तसंच ठेवलं. मग ती टेबलाखाली वाकून ओकली. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, चहाच पडला.

दिग्विजय मोटारसायकल घेऊन आला तेव्हा ती बादलीनं फरशी धूत होती. त्यानं नवा शर्ट घातला होता.

"ताई, तीनला निगायचं हाय. तू अजून ह्या आवतारात?"

"दिग्या, चौकातला बोर्ड उतरव."

"का? माजा फोटो मोटा झाला म्हणून?"

"माझं चुकलंय. तितं काय सापडलेलं न्हाय."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मस्करीची वाट बघत होता. ती येईना तेव्हा त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "आन् चिंतामण सरांना काय सांगू? मंडप घातलाय त्यांनी."

"ताप आलाय म्हण."

दिग्विजयनं जरा विचार केला. "नगं. ताप म्हणलं तर सर काडा घिऊन हितं येतील. चुकलंय म्हणूनच सांगतो." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "लई मोटं चुकलं का गं?"

"मोठं."

"बरं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच काही जास्तीचं न बोलता गेला.

अप्पा चारीकडच्या ओळीत होते. संजीवनी त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते एक पान उजेडाला धरून बघत होते. पान स्वच्छ होतं. तिनं त्यांना ग्रहाचं सांगितलं. कुशाबाईच्या घडासारखं झालं म्हणाली, एकाच अंगाचं कापलं. अप्पांना ते लगेच समजलं.

"मंग परत घड जोडता येतुया का?"

"माझा येतो. मापं परत घालता येतात. फक्त घड मोठा न्हाई ऱ्हात."

"मंग तुजं बरं हाय म्हणायचं," ते म्हणाले, आणि पुढच्या पानाकडं वळले. तिथं ती थांबू शकली असती. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. पण एकदा तोंड उघडलं की बाकीचंही रेटत वर येतं.

"अप्पा. ज्या साली बाग गेली. मी पाचवीत हुते. मला आदी सापडली हुती पानं. ह्याच ओळीत. मी ती चिखलात दाबली आन् तुमाला कायबी न्हाय म्हणून सांगितलं."

अप्पांचा हात पानावर तसाच राहिला. टोळीतल्या कात्र्यांचा कचकच आवाज ऐकू येत होता, कुठं तरी फवाऱ्याचा ब्लोअर सुरू झाला होता.

"किती हुती?"

"तीन."

"कवा?"

"पावसाच्या आदल्या दिशी. सांजच्याला."

ते मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते, ते तिला दिसत होतं. दिवस, फवारा, पाऊस, घड. तेवीस वर्षांमागची ती सगळी ओळ ते खालनं बघत होते. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तीन पानावर हुती तवा फवारलं आस्तं तर..." ते म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडलं. पुरं केलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. उपरण्यानं तोंड पुसलं. आभाळ तसंच होतं, उघडायचं नाव घेत नव्हतं.

मग त्यांनी खिशातली कात्री काढून तिच्यापुढं धरली. तिची सकाळची कात्री ओळीतच पडली होती, ती त्यांनी उचलून ठेवली होती.

"कुशीची ओळ परत करायची हाय. प्रयागीनं सांगितलंया. मागल्या अंगानं."

"करते."

"आन् ह्या दोन ओळीची पानं तूच बग. दिसलं काय तर हाक मार. म्या कुटंबी आसलो तरी हाक मार."

ती मधल्या ओळीत गेली. कुशाबाई तिथं आधीच होती, घड हातात फिरवत, मागं बोट घालून चाचपत. फोन संजीवनीच्या खिशात दोनदा थरथरला. तिनं बघितलं नाही. पहिला घड तिनं हलकेच वळवला, मागच्या बाजूचे बारीक मणी कापले, आणि दुसऱ्या घडाला हात घालायच्या आधी खाली उकिडवी बसली.

काय पडलंय ते हातानं पसरून बघितलं. मग उठली आणि दुसरा घड धरला.